राबातले दोन नकलनवीस

पावसाळा तोंडावर आला की भातखाचरांतून राबाचा धूर उठतो. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि सावकाश भाजायचं. ताज्या शेणाबरोबर गाईच्या आतड्यातला ई. कोलाय येतो, मातीत बॅसिलस सबटिलिस असतोच. आचेत पहिला मरतो, दुसऱ्याचे बीजाणू बरंच सोसतात. मला कुतूहल आहे ते या दोघांच्या नकला काढण्याच्या तऱ्हेचं.

दुभंगण्याआधी प्रत्येक जिवाणूला आपला सगळा डीएनए उतरवून घ्यावा लागतो. ई. कोलायचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा, आणि वेग सेकंदाला हजाराच्या आसपास. उतरवणारं विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेज. आर्थर कोर्नबर्ग यांनी ते याच जिवाणूत शोधलं आणि १९५९चं नोबेल मिळवलं. गंमत म्हणजे ते निघालं मुख्यतः डागडुजीचं! मुख्य नकलनवीस, पॉलिमरेज तीन, पुढे सापडलं आणि शोधणाऱ्यांत कोर्नबर्गांचा मुलगा टॉम होता.

दोन्ही विकरांचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा. तळव्यावर अक्षरं जोडली जातात, बोटं नवं अक्षर आत घेतात, अंगठा डीएनए धरून ठेवतो. तेव्हा ही सख्खी भावंडं असणार, असं कुणालाही वाटेल. पण २००६ मध्ये पॉलिमरेज तीनची रचना हाती आली, तेव्हा त्याच्या तळव्याची घडण आपल्या पेशींतल्या डागडुजीच्या एका विकराशी जुळली. हात तसाच, घराणं वेगळं.

चुका तपासायची सोयही जागोजागी निराळी. ई. कोलायमध्ये लिहिणारा एक आणि खोडणारा दुसरा, अशी दोन प्रथिनं एकमेकांना चिकटून बसतात. बॅसिलसच्या पोल-सी या विकरात खोडरबर त्याच प्रथिनाच्या साखळीत ओवलेलं आहे. शिवाय तुकड्यातुकड्यांनी उतरवल्या जाणाऱ्या धाग्यात प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची काही अक्षरं दुसरंच विकर लिहितं आणि मग काम पोल-सीकडे सोपवतं. क्षयाच्या जिवाणूने तर तिसरीच वाट धरली: ई. कोलायच्या लेखनिकात जो भाग निकामी पडून आहे, तोच इथे चुका खोडतो. हे कळलं २०१५ मध्ये.

पोल-सी माणसात नाही, ई. कोलायमध्येही नाही. म्हणूनच तेवढंच जाम करणारं औषध शोधणं सुरू झालं. आतड्यात त्रास देणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलवरचं आयबेझापोलस्टॅट हे त्यातलंच. त्याच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या आहेत.