वकील-पेढीतील उमेदवारी

मराठीच्या न्यायव्यवहारात 'वकील' आणि 'अशील' हे दोन शब्द जोडीने वावरतात. दोन्ही मूळचे अरबी. वकील म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याने आपले काम सोपविले आहे असा प्रतिनिधी; मराठेशाहीच्या कागदपत्रांत परदरबारी राहणाऱ्या राजप्रतिनिधीसही हीच संज्ञा आहे. अशील म्हणजे ज्याचे काम आहे तो मूळ पुरुष. या जोडीत तिसऱ्याला जागा नाही. मुंबई, दिल्ली, बंगळूर येथील मोठ्या वकील-पेढ्यांत आज जे शेकडो तरुण वकील काम करतात, त्यांचा दैनंदिन संबंध मात्र अशिलाहून अधिक या तिसऱ्याशी, म्हणजे पेढीशी असतो. ही तरुण मंडळी चार-सहा वर्षांत, नेमकी कामात तयार होताच, पेढी सोडतात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. आणि तिच्यावर उपाय म्हणून बहुधा वेतनवाढ सुचविली जाते. परंतु पेढीत काम करणाऱ्या वकिलाचे पेढीशी नाते तरी कोणते, हा प्रश्न त्या उपायाच्या आधी येतो.

ते नाते नोकरीचे नव्हे, निदान कायद्याच्या दृष्टीने तरी नव्हे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने भारतीय विधिज्ञ परिषदेस नियम करण्याचा अधिकार दिला. त्याखाली झालेल्या नियमांपैकी एक (त्याचाही क्रमांक, योगायोगाने, ४९ च आहे) असे सांगतो की, वकिली चालू असेतोवर अधिवक्त्याने कोणत्याही व्यक्तीचा, शासनाचा, पेढीचा वा संस्थेचा पूर्णवेळ पगारी नोकर होता कामा नये. नियमामागील कल्पना जुनी आणि आदरणीय आहे. वकिलाची निष्ठा अशिलाशी व न्यायालयाशी असावी, धन्याशी नसावी. वकिली हा अर्धे मन देऊन करावयाचा व्यवसाय नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका वैद्यकीय व्यावसायिकाच्या प्रकरणातही उचलून धरले. शल्यक्रिया चालू ठेवून सनद मागणाऱ्या त्या गृहस्थांना महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेने दिलेला नकार न्यायालयाने कायम केला.

या नियमातून वाट काढण्यासाठी पेढ्यांनी स्वीकारलेला शब्द म्हणजे 'रिटेनर'. तरुण वकिलाला पगार मिळत नाही, दरमहा ठराविक शुल्क मिळते. त्यावरील कर वेतनाच्या नव्हे, व्यावसायिक शुल्काच्या सदराखाली कापला जातो. शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. लॅटिनमधील 'धरून ठेवणे' या अर्थाच्या धातूपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्लंडात सरदाराच्या पदरी असलेल्या अनुयायाला रिटेनर म्हणत. पुढे वकिलाला आपल्या बाजूस राखून ठेवण्यासाठी अशिलाने द्यावयाच्या रकमेसही तेच नाव पडले. पेढीतील तरुण वकिलाच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. शुल्क घेणारा म्हणून तो स्वतंत्र व्यावसायिक. परंतु येण्याजाण्याच्या वेळा, रजा, काम कोणते घ्यावे आणि कोणते नाकारावे, या साऱ्या बाबतींत तो पदरीचा माणूस.

माणसे टिकण्याच्या प्रश्नाशी याचा संबंध सरळ आहे. सामान्य नोकरीत माणसाला संस्थेशी बांधणारी साधने कायद्यानेच निर्माण केलेली असतात. भविष्यनिर्वाह निधी वर्षागणिक साठतो. उपदान, ज्याला कचेरीत सारे ग्रॅच्युइटी म्हणतात, ते सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच पदरात पडते. म्हणजे चौथ्या वर्षी राजीनामा लिहिणारा क्षणभर थबकतो. कर्मचारी स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची मातृत्वरजा मिळाली. शुल्क घेणाऱ्या वकिलाला मात्र या गोष्टी हक्क म्हणून मागणे कठीण. काही पेढ्या त्या आपल्या नियमाने देतात. पण मग ते पेढीचे औदार्य ठरते, आणि भागीदार बदलला की औदार्यही बदलू शकते. सोडताना गमवावे लागेल असे या वकिलाच्या खाती काहीच साठत नाही. मग इतकी वर्षे तो राहतो तरी कशाच्या बळावर?

याचे उत्तर मराठीच्या एका रुळलेल्या शब्दात आहे. काम शिकण्यासाठी एखाद्याच्या हाताखाली राहण्यास आपण 'उमेदवारी' म्हणतो. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांतून पुढे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. मुंबईच्या सॉलिसिटर-पेढ्यांतील आर्टिकल्ड क्लार्कही उमेदवारच होता, परंतु त्याची उमेदवारी लेखी कराराने बांधलेली आणि मुदतीची होती. पुढे परीक्षा होती आणि परीक्षेनंतर स्वतःची पाटी लावण्याची मुभा होती. आजच्या पेढीतील उमेदवारीला अशी लिखित मुदत क्वचितच असते. तिची आशा एकच, भागीदारीची.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल क्रॅव्हथ यांच्या पेढीने ही आशा पद्धतशीर केली. उत्तम पदवीधर घ्यावेत, त्यांना पेढीतच घडवावे, त्यांच्यातूनच भागीदार निवडावेत आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांनी जावे, अशी ती रीत. मार्क गॅलन्टर व थॉमस पॅले यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात तिला स्पर्धा-सामन्याची उपमा दिली. गॅलन्टर हे भारतीय न्यायव्यवस्थेचेही जाणते अभ्यासक. उमेदवारी हा शब्द त्यांच्या विवेचनास शोभला असता.

या रीतीचे गणित मात्र निष्ठुर आहे. समजा, एका पेढीत १० भागीदार आहेत आणि प्रत्येकी ४ म्हणजे ४० उमेदवार. आठ वर्षांत ते सारे भागीदार झाले तर भागीदार ५० होतील, आणि तेच प्रमाण राखावयाचे तर २०० उमेदवार लागतील. इतके काम कोठून आणावयाचे? तेव्हा काहींचे जाणे हा या रचनेतील दोष नसून तिचा पाया आहे. भारतात तर आशेवर कायद्याचाच पहारा होता. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या ११ व्या कलमानुसार साध्या भागीदारीत २० हून अधिक भागीदार घेता येत नसत. विसाव्या खुर्चीवर कोणी बसला की एकविसाव्याची उमेद संपली. आणि त्या वीसांत घराण्यातील मंडळी असली तर ती आधीच संपलेली असे. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने आणि पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने वकिलांसारख्या व्यावसायिकांवरील हे बंधन दूर झाले. अडथळा उरला असेल तर तो आता पेढीच्या मनात आहे.

केवळ पैसा वाढवून काय होते हे न्यूयॉर्कच्या पेढ्यांनी दाखवून दिले आहे. तेथील मोठ्या पेढ्यांत नवख्या वकिलाचे वार्षिक वेतन २००७ मध्ये १,६०,००० डॉलर होते. ते २०१६ मध्ये १,८०,०००, २०१८ मध्ये १,९०,००० आणि २०२३ च्या अखेरीस २,२५,००० झाले. एका पेढीने वाढ जाहीर करावी आणि काही दिवसांत इतरांनी तिची बरोबरी करावी, असा हा क्रम आहे. सर्वांनीच वाढ दिल्यावर ती कोणालाही कोठेच धरून ठेवीत नाही. याचा अर्थ पैसा गौण आहे असा नव्हे. भारतीय विधिज्ञ परिषदेला ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांसाठी शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस करावी लागली, यावरून मोठ्या पेढ्यांबाहेरील उमेदवारीची दशा ध्यानात येते. ज्याला पोटापुरते मिळत नाही त्याच्यापुढे आशेची मीमांसा करणे क्रूरपणाचे होईल.

मोठ्या पेढीतून बाहेर पडणारे अनेक जण कंपन्यांच्या विधिविभागात जातात, ही बाब विशेष विचारात घेण्यासारखी आहे. तेथे पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली स्थगित ठेवावी लागते. ज्या सनदेसाठी पाच-सहा वर्षे शिक्षण घेतले, ती बाजूला ठेवून माणसे निश्चित वेळा, साठणारा निधी आणि हक्काची रजा पत्करतात. त्यांना अधिक द्रव्य हवे होते असे यातून दिसत नाही. आपले स्थान नेमके काय हे त्यांना कळावयास हवे होते.

पेढीला हे कळविता येते. नियम पगाराची मनाई करतो, कराराची करीत नाही. रजा, मातृत्वकाळ, सूचनेची मुदत आणि आजारपणातील शुल्क या गोष्टी रिटेनरच्या करारातच लिहिता येतात. मातृत्वकाळ ज्येष्ठतेत धरला जाईल की नाही हेही, कारण स्त्री-वकिलांची उमेद बहुधा याच कलमाशी अडखळते. भागीदारीचा विचार कोणत्या वर्षी होईल, कोणत्या कसोट्यांवर होईल, ते प्रवेशाच्या वेळीच सांगता येते. ज्याची निवड होणार नाही हे पाचव्या वर्षी दिसते आहे, त्याला आठव्या वर्षापर्यंत झुलवत ठेवण्याने पेढीला तीन वर्षांचे श्रम मिळतात खरे. परंतु त्याच्या मागच्या बाकावरील दहा जण ते पाहत असतात, आणि त्यांतील हुशार आधी उठतात. उमेदवाराला अशिलासमोर बसू द्यावे, मसुद्यावर त्याचे नाव असावे, हा उपाय तर बिनखर्चाचा. त्याला भागीदार विरोध करतात, तो तयार झालेला उमेदवार अशीलही सोबत घेऊन जाईल या भयाने. भय अगदीच अनाठायी नाही. तथापि अशिलाला कधीही न भेटलेला वकील हा शब्दाच्या मूळ अर्थाने वकील झालेलाच नसतो, आणि जेथे आपण ते होणार नाही अशी खात्री पटते, तेथे तो थांबत नाही.