बायोडिझेलआधी नळ्या बदला

अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांतील मर्सिडीजच्या डिझेल गाड्या आजही हौसेने जपल्या जातात. साधे, दणकट इंजिन आणि यांत्रिक इंधनपंप असल्याने त्या बायोडिझेलवर चालवण्याकडे अनेकांचा ओढा असतो. पहिले काही आठवडे गाडी छान चालते. मग एके दिवशी ती सुरू व्हायला त्रास देऊ लागते किंवा इंजिनाखाली तेलकट डाग दिसतो. संशय पंपावर जातो, पण खरा दोष अनेकदा बोटभर जाडीच्या रबरी नळीत असतो.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. खाद्यतेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली की ग्लिसरीन वेगळे होते आणि मिथाइल एस्टर उरतात. हेच बायोडिझेल. खनिज डिझेल मुख्यतः हायड्रोकार्बनचे बनलेले असते. एस्टरच्या रेणूत मात्र ऑक्सिजनही असतो. त्यामुळे ते नैसर्गिक किंवा जुन्या नायट्राइल रबरात सहज शिरतात. रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे चिकट होते किंवा त्याला भेगा पडतात. फ्लोरिनयुक्त रबरावर, म्हणजे ‘विटॉन’सारख्या प्रकारावर, त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

नळी कुठे खराब झाली यावर त्रासाचे स्वरूप ठरते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या भागात इंधन ओढले जाते. तिथे भेग पडली तर बाहेर थेंबही दिसत नाही. उलट हवा आत शिरते आणि गाडी सुरू होताना अडखळते. इंजेक्टरकडून उरलेले इंधन परत नेणाऱ्या बारीक, कापडी वेष्टनाच्या नळ्या फाटल्या तर इंधन थेट इंजिनावर गळते. बायोडिझेल खनिज डिझेलपेक्षा उशिरा पेट घेते हे खरे, पण तापलेल्या इंजिनाजवळची गळती कधीच किरकोळ समजू नये.

नळ्या बदलण्याचे काम मोठे नाही, मात्र ते नीट करावे लागते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या लोखंडी नळ्यांना सहसा हात लावावा लागत नाही. बदलायचे असतात ते दोन्ही टोकांचे रबरी तुकडे, परतीच्या नळ्या आणि रबरी सील. प्रत्येक तुकड्याचा आतला व्यास मोजून त्याच मापाची नळी घ्यावी आणि क्लिपाही नव्या लावाव्यात. तांब्या-पितळेचे जोड असतील तर तेही बदलणे चांगले; या धातूंमुळे बायोडिझेल लवकर खराब होते. शेवटी हातपंपाने आतली हवा काढून इंजिन सुरू करावे आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने टिपून पाहावा.

दुसरी अडचण फिल्टरची. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साठलेला गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा आणि एक सुटा फिल्टर गाडीत ठेवावा.

हा खटाटोप प्रत्येकाला करावा लागेल असे नाही. नळ्या सुस्थितीत असतील तर २० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालते. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणातील उद्दिष्ट तर २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे आहे. तेवढ्याने नळ्यांना धोका नाही. प्रश्न येतो तो जुन्या गाडीत शुद्ध बायोडिझेल भरताना.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. कढईतले तेल गाळून टाकीत ओतले म्हणजे ते बायोडिझेल होत नाही. खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते आणि त्याने इंजेक्टर तुंबतात. नळी कितीही चांगली असली तरी अशा तेलापासून ती इंजिनाला वाचवू शकत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नळ्या, मग इंधन. तेही एकदम पूर्ण टाकी न भरता, प्रमाण हळूहळू वाढवत.