समभाग आणि सबुरी

कापूस घरात आला की लिंबागणेशच्या शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : आज विकावा, की भाव वाढेपर्यंत ठेवावा? शेअर बाजारातही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की ठेवलेल्या कापसाचे वजन घटते. चांगली कंपनी मात्र कमावत राहते.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचे उदाहरण घेऊ. तेथे १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. गावातील अनेकांनी तिचे समभाग घेतले. १९८० च्या सुमारास ती संगणक व्यवसायात उतरली. तीच आजची विप्रो. भाव चढले-उतरले तरी ज्यांनी समभाग जपले, त्यांना वेळोवेळी बोनस समभाग मिळत गेले व काही कुटुंबे कोट्यधीश झाली.

स्वस्तात घ्यावे, महागात विकावे, हे ऐकायला सोपे. पण दोन्ही वेळा अचूक साधणे जाणकारांनाही कठीण जाते. शिवाय प्रत्येक व्यवहारात दलाली व कर जातोच.

तरीही नुसती सबुरी पुरत नाही. मार्च २००० नंतर अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक कोसळला. ती उंची पुन्हा गाठायला २०१५ साल उजाडले. जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’चे खोटे हिशेब उघड झाले, तेव्हा वर्षानुवर्षे थांबलेलेही बुडाले.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे : ऊसतोडीची उचल, कर्ज किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा यात घालू नये. दहा वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम, थोडी थोडी, अनेक कंपन्यांत विभागून गुंतवावी. भाव रोज पाहू नये. वार्षिक अहवाल मात्र दरवर्षी वाचावा.