रंगाआधी जोतं बघा, बॉस!
२०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं. तळमजल्याच्या भिंतींचे पोपडे मात्र तेच! पाऊस कमी, तरी ओल कशी? विटा जमिनीतलं पाणी वर ओढतात. जोत्यावरचा, ओल अडवणारा डीपीसीचा थर तडकला की वाट मोकळी. फुगणारी-आकसणारी काळी माती त्यात भर घालते. वरून महागडा वॉटरप्रूफ रंग मारलात तर ओल आत कोंडते आणि पुन्हा बिल!

पहिली तपासणी फुकटातली: रात्री नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलं तर लाइन गळतेय, आधी प्लंबर. मग घराभोवती बाहेर उतरती फरशी, जोत्याची दुरुस्ती. भिंत सुकल्यावरच गिलावा, रंग. कोटेशनमध्ये प्रत्येक कामाचा दर वेगळा मागा. फक्त रंगाचा आकडा सांगणाऱ्याला चहा पाजून टाटा करा!