पहिली दुर्बीण घेताय? खोक्यावरचे '६७५ पट' विसरा

किती पट मोठं दिसणार हे आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर ठरतं. दुर्बिणीची खरी ताकद तिच्या आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासात. जितका व्यास जास्त, तितका प्रकाश जास्त गोळा होतो. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या साधारण दुपटीपलीकडे गेलात की चित्र मोठं होतं, पण धूसर. म्हणजे ६० मिमीची दुर्बीण १२० पटीलाच दमते.

नवख्यांना मी १५० मिमीची डॉब्सोनियन सुचवेन. लाकडी बैठक, हाताने ढकलायची, डुगडुगणारा ट्रायपॉड नाही. हिची फोकल लेंथ बहुधा १२०० मिमी असते. तिला आयपीसच्या आकड्याने भागा: २५ मिमीला ४८ पट, १० मिमीला १२० पट. पहिल्यात अख्खा चंद्र आणि मृगातला तेजोमेघ, दुसऱ्यात शनीची कडी, गुरूचे पट्टे. सोबत २ पटीची बार्लो (आयपीसची पट दुप्पट करणारं जोडभिंग) घेतली की ९६ आणि २४० पटही हाती येतात (२४० पट फक्त हवा शांत असेल त्या रात्री!). खोक्यातलं ४ मिमीचं आयपीस मात्र बाजूला ठेवा. त्यात डोळा जवळजवळ काचेला टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांचे तर हालच.

पैसे टाकण्याआधी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईकडे खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून बघून घ्या. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, डब्यात सिलिका जेल हवंच.

आयपीसला लावायचा सूर्य-फिल्टर सोबत आला असेल तर थेट कचऱ्यात. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो.