भुवया विरळ होताहेत? लपवू नका, तपासून घ्या!

भुवया किंवा पापण्यांचे केस गळू लागले की आपण पेन्सिल फिरवतो, नाहीतर एरंडेल तेल लावतो. मोशी, भोसरी, चाकणच्या कामगार वस्त्यांत काम करताना आम्ही हेच पाहतो. पण हे गळणे कधीकधी आतल्या आजाराची खूण असते.

थायरॉइड मंदावला की भुवईचा बाहेरचा भाग विरळ होऊ शकतो. सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे ही लक्षणे दिसतात. टीएसएच ही रक्ततपासणी करावी. गोलाकार केस गेले तर चाई असू शकते. पापण्यांच्या कडा लाल होऊन खाज येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

एका कारणाचे नाव मात्र कुणी घेत नाही : कुष्ठरोग. भुवयांसोबत अंगावर फिकट किंवा तांबूस बधिर चट्टा, चेहऱ्याची जाड, चमकणारी कातडी, कानाच्या पाळीवर गाठी, हातापायांना बधिरपणा असेल, तर थांबू नका. गरम जॉबचा चटका बसूनही कळत नसेल, तर ती 'सहनशक्ती' नव्हे. नस मरत असल्याची ती खूण असू शकते.

हा आजार जिवाणूमुळे होतो. तो मागच्या जन्मीच्या पापाचे फळ नाही. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो; आजाराच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने चालतो. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच थांबतो. उशीर केला तर मात्र बोटे वाकडी होतात, डोळे जाऊ शकतात.

मग लोक लपवतात का? काम जाईल, खोली जाईल, लग्न मोडेल, या भीतीने. आपल्या विवाहांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते 2019 मध्ये वगळले गेले. कायदा बदलला, आता मने बदलायला हवीत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कुष्ठरोगी सुप्रबुद्धाच्या धम्मदीक्षेची कथा घेतली आहे. तथागतांनी त्याला सभेबाहेर काढले नाही. त्याच्यातली समजून घेण्याची क्षमता ओळखून त्यांनी त्याला धम्म सांगितला.

तरुण कार्यकर्त्यांनो, विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोला. कुणाला शंका असेल तर त्याला मनपा दवाखान्यात किंवा पिंपरीच्या वायसीएममध्ये घेऊन जा. त्याचे नाव मात्र वस्तीत फिरवू नका.