रात्रपाळीतली सही

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांची कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली. अलायन्स एअरचे एटीआर-७२ उतरताना पाहायला लोक जमले. चर्चा झाली ती तिकिटाची आणि वेळापत्रकाची. याच बेलोऱ्यात एअर इंडियाने वैमानिक घडवणारी संस्था जाहीर केली आहे. ३४ शिकाऊ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तिचा आराखडा. जिथे इतकी विमाने, तिथे हँगर आलाच, आणि हँगर आला की रात्रपाळीही आली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचे घोडे धावपट्टीच्या लांबीपाशी अडले असले, तरी नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून २०१५ साली एअर इंडियाला दिलेला दुरुस्तीचा हँगर अमरावतीहून दीडेकशे किलोमीटरवर आहे. विमानांची दुरुस्ती हा आता वऱ्हाडातल्या घरांचाही विषय आहे, म्हणून त्या कामात थकवा कसा सांभाळतात ते नीट समजून घेऊ.

विमान उडते तेव्हाच ते कमावते, आणि ते बहुतेक दिवसा उडते. त्यामुळे तपासणी आणि दुरुस्ती बहुतेक रात्री होते, आणि पहाटेच्या पहिल्या उड्डाणाआधी विमान तयार लागते. काम संपले की परवानाधारक अभियंता कागदावर सही करतो. ‘हे विमान उडण्यास योग्य आहे’ असा त्या सहीचा अर्थ. तिच्याशिवाय विमान जागचे हलत नाही. ही सही बहुधा पहाटे होते, आणि शरीराची सगळ्यात पडती वेळ नेमकी तीच.

आपली झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागरणाचे ओझे. जितका वेळ जागे राहावे तितका झोपेचा दाब वाढतो. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ, जे उजेडाच्या हिशेबाने चालते. पहाटे २ ते ६ या वेळात हे घड्याळ शरीराचे तापमान खाली आणते आणि सावधपणा मंदावतो. रात्रपाळीच्या माणसावर त्या तासांत दोन्ही गोष्टी एकदम येतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते. दारू पिऊन हँगरमध्ये आलेल्याला कोणी पाना हातात देणार नाही. १७ तास जागलेला माणूस मात्र डोळ्यांना धडधाकट दिसतो. त्याला स्वतःलाही तसेच वाटते, कारण थकव्यात आपण किती थकलो हे ओळखण्याची शक्ती आधी जाते. मग एखादी पायरी गळते, मोजमाप अंदाजाने होते, ‘हे केले होते ना?’ याचे उत्तर आठवणीतून न येता सवयीतून येते.

याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण ब्रिटनचे आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी १-११ विमान बर्मिंगहॅमहून निघाले आणि सतरा हजार फुटांच्या पुढे गेल्यावर वैमानिकासमोरची काच उडून गेली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि कप्तान वाचला. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी रात्रपाळीत बदलली होती. माणसे कमी होती म्हणून पाळीच्या प्रमुखानेच ते काम हाती घेतले. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट त्याने मंद उजेडात डोळ्यांनी ताडून पाहिला, यादीत क्रमांक तपासला नाही. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने किंचित बारीक निघाले. उरलेले ६ जाडीला बरोबर होते, पण आखूड होते. ही काच बाहेरून बसवली जात असे, त्यामुळे आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टांवरच येई.

तो माणूस अनुभवी आणि कामसू होता. चौकशीत दिसले ते असे की, अवेळ, कमी माणसे, अपुरा उजेड, आणि काच ‘अतिमहत्त्वाच्या’ कामांच्या यादीत नसल्यामुळे दुसऱ्या कोणाची तपासणी नाही, हे सगळे एका रात्री एकत्र आले. एकाला नोकरीवरून काढून हे चारही सुधारत नाहीत.

दुसरे उदाहरण पाळी बदलतानाचे. ११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्ससमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचे विमान कोसळले आणि १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे ४७ स्क्रू एका पाळीने काढले होते. ते कागदावर चढवले नाही. पुढच्या पाळीला पत्ताच नव्हता, त्यामुळे स्क्रू परत बसले नाहीत आणि सही मात्र झाली. थकलेल्या माणसाच्या तोंडी निरोपावर विमान सोडू नये, हे हँगरमध्ये शिकवतात ते अशा घटनांमुळे.

१९९३ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीत चुका घडवणाऱ्या बारा कारणांची यादी मांडली. आज जगभरच्या हँगरांत ती भिंतीवर दिसते. थकवा त्यात आहेच. शिवाय लक्ष विचलित होणे, दडपण, माहिती न पोचणे, बिनधास्तपणा आणि ‘आपल्याकडे असेच चालते’ ही सवयही आहे. मला यात थकवा इतरांपेक्षा वेगळा वाटतो. तो आला की बाकीची कारणे सोपी होतात. थकलेला माणूस ओरडून सांगत नाही, वरिष्ठाला थांबवत नाही, यादी उघडत नाही.

मग उपाय काय? पहिला पाळीपत्रकात आहे. भारतात विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए हिचे देखभालीसाठीचे सीएआर-१४५ नियम सांगतात की कामाची आखणी आणि पाळ्या लावताना माणसाच्या मर्यादा धराव्यात आणि पाळी बदलताना काम नीट सोपवावे. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणासाठी प्रा. सायमन फोकर्ड यांनी केलेल्या अभ्यासातले आकडे सोपे आहेत: पाळी १२ तासांपेक्षा मोठी नको, जादा काम धरूनही १३ नको, दोन पाळ्यांमध्ये ११ तास मिळालेच पाहिजेत. पाळी फिरवायची तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवावी. शरीराचे घड्याळ पुढे सरकायला तयार असते, मागे यायला कुरकुरते. आणि काच, इंजिन, नियंत्रणाच्या तारा यांसारखी कठीण कामे शक्यतो मध्यरात्रीआधी घ्यावीत. पहाटे ४ ला वंगण देणे किंवा साफसफाई चालेल.

दुसरा उपाय कामातच गुंफलेला आहे. जोखमीच्या कामावर दुसऱ्या, स्वतंत्र माणसाने तपासणी करावी. मध्येच कोणी हाक मारली, फोन आला, तर परतल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करावे. काढलेली प्रत्येक वस्तू कार्डावर लिहावी. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावा, कारण त्यातला उत्तेजक घटक शरीरातून जायला कित्येक तास लागतात आणि तो सकाळच्या झोपेला मारतो. वीसेक मिनिटांची डुलकी फायद्याची; पण उठल्यावर काही वेळ डोके जड असते, तेवढा वेळ जाऊ देऊन मगच सही करावी.

तिसरा उपाय सगळ्यांत अवघड. ‘मी थकलोय, हे काम उद्या द्या’ असे सांगणाऱ्याला शिक्षा नसावी, आणि चूक कळवणाऱ्याची मान पकडू नये. जाणूनबुजून नियम मोडणारा निराळा, चुकलेला निराळा. हा फरक व्यवस्थापनाने जाहीरपणे पाळला तरच माणसे खरे बोलतात. चूक लपली की ती विमानात बसून पुढे जाते.

वऱ्हाडात या सगळ्याला उन्हाळा जोडला जातो. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालचा हँगर संध्याकाळी लवकर निवत नाही. विमानाचा पत्रा दिवसभर तापलेला असतो, त्याच्या पोटात शिरून काम करताना घाम थांबत नाही, आणि पाण्याची कमतरता लक्ष कमी करते. पण मोठा घाव बसतो तो दिवसाच्या झोपेवर. दिवसाची झोप तशीही तुकड्यातुकड्यांची आणि रात्रीपेक्षा छोटी. त्यात दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला, तर माणूस पलंगावर पडून असतो, झोपत नाही. तोच रात्री टॉर्क रेंच धरतो. उन्हाळ्यात पाळ्या लावणाऱ्याने हे गणित आधीच धरले पाहिजे: थंड विश्रांती-खोली, पिण्याचे पाणी, आणि तीव्र उष्म्यात सलग रात्रपाळ्यांना कात्री. हा खर्च काचेच्या ९० बोल्टांसारखाच विमानाच्या सुरक्षेचा भाग आहे.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रात्रपाळीहून आलेल्या मुलाच्या खोलीला जाड पडदा लावा, त्याचा मोबाइल बाहेर ठेवा, दुपारी लग्नाचे आमंत्रण द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी त्याला उठवू नका. आणि बेलोऱ्यात किंवा मिहानमध्ये हँगर चालवणाऱ्यांना एकच विनंती: नोकरीला ठेवलेल्या पोराला पहिल्या आठवड्यातच सांगा की थकल्याची कबुली दिल्यावर त्याचे नाव काळ्या यादीत जाणार नाही. आणि हे शब्द पहिल्या कबुलीच्या दिवशी पाळून दाखवा.